उरलेली जोडी

— एवढी एक शिवण पुरी करू द्या, मशीन मध्येच थांबवलं की खाली दोऱ्याचा गुंता होतो आणि मग उसवत बसावं लागतं — हां, झालं. बसा ना, त्या स्टुलावर बसा. बसलातच म्हणा, माझी मान खाली होती, मी नुसतं दार वाजलेलं ऐकलं. सायकलीसाठी आलात ना? सायकलच्या पार्टवाल्याच्या दुकानात लावलेला कागद वाचून? वाटलंच, पँट शिवायला येणारा माणूस आधी भिंतीवरचे नमुने बघतो, तुम्ही आल्यापासून कोपऱ्यातच बघताय. तीच ती. कपडे घालून बघायच्या खोलीच्या दाराशी आहे, म्हणून तर विकायला काढलीय, दुसरं काही नाही. गिऱ्हाइकाला पँट घालून बघायची म्हटलं की आधी सायकल सरकवा, मग दार उघडा, मग सायकल परत जागेवर — आठ महिने हेच चाललंय. नाही नाही, तुम्ही उठू नका, कव्हर मी काढतो. कव्हरही मीच शिवलंय, शिंप्याची सायकल उघडी कशी राहील. ही बघा वरची पट्टी, ती सोडली की पुढचा भाग दिसतो. वरून सुरुवात करू. खालचं मागाहून दाखवतो. घाई नाही ना तुम्हाला? मला तर अजिबात नाही.

तर पहिलं सांगून ठेवतो, ही तयार आणलेली नाही. म्हणजे दुकानातूनच आणली, पण एकगठ्ठा नाही, एकेक करून. सांगाडा एका रविवारी, चाकाच्या कड्या दुसऱ्या रविवारी, हँडल तिसऱ्या. चार महिने लागले. त्याआधी मी आयुष्यात सायकलचा नट पिळलेला नव्हता, साधं पंक्चर दुसऱ्याकडून काढून घेणारा माणूस मी. पण म्हटलं, आपण पँट करतो तेव्हा काय करतो? कापड वेगळं, अस्तर वेगळं, बटणं वेगळी, माणसाला बघून एकेक निवडतो आणि मग जोडतो. तयार पँट कुणाच्याच मापाची नसते, म्हणून ती सगळ्यांना होते. सायकलचंही तेच असणार. हे हँडल बघा — याची रुंदी खांद्याच्या मापाची आहे, सव्वापंधरा इंच. माप वहीत होतंच. पार्टवाला म्हणाला, अहो, हँडल कुणी टेप लावून घेतं का? मी म्हटलं, मी घेतो. आठ-नऊ हँडलं काढायला लावली त्याला, माळ्यावरचीसुद्धा. तेव्हापासून मला टेपवाले म्हणतो तो. मी दारात दिसलो की, आले टेपवाले, चहा सांगा रे, आजची दुपार गेली. बडबड्या आहे पण माणूस चांगला. म्हणजे असावा. मला आता माणसांबद्दल काही खात्रीनं सांगता येत नाही.

बसल्या जागेवरूनच सीटवर हात फिरवा. तसा नाही, दाबून. आतला स्पंज मी बदललाय, वरचं कापड जाड, शिवण दुहेरी, आणि डाव्या अंगाला स्पंज थोडा — राहू द्या, ते पुढं येईल. सांगाडा मुद्दाम आडव्या दांडीशिवायचा घेतला, पाय उंच उचलून टाकावा लागू नये म्हणून. रंग मळखाऊ वाटतो ना? निळाही होता त्याच्याकडे, छान होता, पण निळा उठून दिसतो. आमच्या घरी उठून दिसेल असं काही घ्यायची पद्धत नव्हती. सवय लागते मग. चाळीस वर्षं दुकान आहे माझं, पण दुकानावरची पाटीसुद्धा अशीच, तुम्हाला शोधावी लागली असेल.

चाक मात्र मी स्वतः विणलं. छत्तीस तारा. पार्टवाला म्हणाला, मी ओवून देतो, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, नको, शिकवा. तीन दिवस लागले मला, ह्याच टेबलावर, कापड बाजूला सारून. पहिल्यांदा सगळं झालं, चाक गोल फिरलं, मी खूश — आणि हवा भरायची नळी जिथं येते नेमक्या तिथंच दोन तारा एकमेकींवर आलेल्या, पंपाचं तोंड आत शिरेना. एका भोकाची चूक, पहिल्या तारेची. पहिली चुकली की पस्तीस चुकतात. उसवलं सगळं. उसवण्याचं मला काही वाटत नाही, हा धंदाच उसवण्याचा आहे, लोकांना फक्त शिवलेलं दिसतं. दुसऱ्यांदा जमलं. मग प्रत्येक तार बोटानं वाजवून ताण सारखा करत बसलो, जसा दोऱ्याचा करतो तसा. त्या तीन दिवसांत काय बरं वाटत होतं म्हणून सांगू. आठवतंय की बरं वाटत होतं. म्हणजे आठवण आहे, वाटणं नाही. तुम्हाला होतं का कधी असं? जाऊ द्या, तुम्ही सायकल बघायला आलात, नमनाला घडाभर तेल नको.

बोटाला काय झालं? काही नाही. मशीनची सुई गेली आरपार, दोन महिने झाले. मला कळलंच नाही, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर लाल दिसलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, दुखलं नाही? मी म्हटलं, दुखलं असेल. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग गोळ्या लिहून दिल्या.

पॅडल. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, माहीत आहे तुम्हाला? आहे? मला नव्हतं. मी पिळतोय, पिळतोय, पान्यावर उभा राहून पिळतोय, आणि आटे गेले. एक पॅडल वाया. डावं ते डावं असतं, त्याला उजव्याच्या नियमानं चालवायला गेलं की बिघडतं, असं पार्टवाला म्हणाला आणि वर हसला. मी नाही हसलो. आणि पॅडल ज्या लोखंडी दांड्याला लागतं ना, ते दांडेही जोडीनंच मिळतात, सुटा एक देत नाहीत. मला दोन वेगवेगळे हवे होते, म्हणून दोन जोड्या घ्याव्या लागल्या — एक मोठ्या माणसाच्या सायकलची, एक शाळकरी पोरांच्या सायकलची. उरलेले दोन त्या बटणांच्या खणात तळाशी पडलेत, खण उघडला की खडखडतात. कशाला दोन जोड्या? तेच ते खालचं. सांगतो म्हटलं ना.

कुणाची म्हणजे? माझ्या ताईची. मोठी बहीण, चार वर्षांनी मोठी. वर दोन खोल्या आहेत, तिथं राहायचो दोघं, आई होती तोवर तिघं. आमची दोघांचीही लग्नं राहिली. तिचं लोकांनी राहू दिलं, माझं मी. ताई कचेरीत होती, दाखले द्यायच्या खिडकीमागं. हुशार, अक्षर मोत्यासारखं, कुणी हुज्जत घातली तर आवाज न चढवता गप्प करायची. तीस वर्षं गावानं कमरेपासून वरची ताई बघितली. सकाळी सगळ्यांच्या आधी जायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर निघायची, म्हणजे चालताना कुणी बघायला नको. आम्ही लहान असताना मी सायकल चालवायचो आणि ती मागं कॅरिअरवर. उतारावर पाय दोन्हीकडे पसरून बसायची आणि म्हणायची, अजून जोरात. तेवढंच तिचं सायकलीशी नातं. आणि मग गेल्या वर्षी एका सकाळी चहा पिताना म्हणाली, निवृत्त झाले की सायकल शिकीन म्हणते. साठाव्या वर्षी. चेष्टेत म्हणाली, आणि कपबशी उचलून आत गेली. मी तिथंच बसून राहिलो आणि मनात माप घ्यायला लागलो.

बरं. आता हे काढतो. नाडी सोडली की झालं. हं — बघा.

दिसलं ना? सगळ्यांना पहिल्यांदा तेच दिसतं. उजवीकडचा दांडा साडेसहा इंच, डावीकडचा पाच. चूक नाही ती. ताईचा डावा पाय अडीच इंचानं कमी आहे. जन्मापासून. हे बघा, मी म्हटलं. किती सरळ म्हटलं. आमच्या घरात हे वाक्य कधी कुणी उच्चारलेलं नाही. आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईच्या पायाकडे बघायचं नाही, विचारायचं नाही, पाहुण्यांसमोर तिला उठायला लावायचं नाही, पाणी मी आणायचं. बुटाचा डावा तळ एक इंच जाड करून घ्यायचा आणि पँट अशी कापायची की डावी मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, त्या तळावर बरोबर पडेल, कमरेत डावीकडून आत पट्टी, म्हणजे कंबर एका रेषेत दिसते. आईनं मला शिवण शिकवलं ते ह्यासाठी. बारा वर्षांचा होतो. माझ्या हातची पहिली शिवण म्हणजे ताईच्या पँटची डावी मोहरी. पुढं सगळा धंदा त्यावर उभा राहिला, लोक लांबून यायचे, म्हणायचे ह्यांच्या हातची पँट घातली की माणसातला दोष दिसत नाही. खरंच होतं ते. चव्वेचाळीस वर्षं मी तिच्या पँटी शिवल्या आणि वहीत एकदाही दोन लांब्या लिहिल्या नाहीत. एकच आकडा लिहायचा, दुसरा डोक्यात. न जाणो कुणी वही उघडली तर.

तर माप असं — अडीचातला एक इंच बुटात गेला, उरला दीड. डावा पाय खाली कमी पोचतो, म्हणून डावीकडचा दांडा दीड इंचानं लहान, म्हणजे पायाला खाली तेवढं जावंच लागत नाही. सोपं आहे. ह्याला बुद्धी लागत नाही, फक्त कुणीतरी मोजायला लागतं. सायकलवाल्याकडे तयार सायकली होत्या, त्या मी टेप लावून बघितल्या, एकही तिची नव्हती. आणि ही बघा, ही तिची आहे, जगात दुसऱ्या कुणाची नाही. सीट डावीकडून किंचित उचललेली, तिची कंबर जिथं येते तिथं. आणि पार्टवाल्याला मी काय सांगितलं माहीत आहे? एक जोडी माझ्या सायकलीला, एक भाच्याच्या. भाचा. कुठला भाचा, आम्हा दोघांना दुसरं कुणीच नाही. तो काय दुधखुळा आहे? पण बोलला नाही काही, बांधून दिलं. त्याच्यासमोरसुद्धा मला म्हणता आलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी तिच्या कचेरीतले आले होते, सात जण. इथंच, दुकानात, वर जिना नको म्हणून. मोठे साहेब होते, दोघी टंकलेखिका, तिची ती मैत्रीण — खिडकी नंबर दोन — आणि बाकीचे. फुलं झाली, भाषण झालं, साहेब म्हणाले, बाईंनी कधी रजा घेतली नाही. मग मी कव्हर ओढलं. मला वाटलं होतं लोक गेल्यावर दाखवावी, पण राहवलं नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. ताई उठली. लोकांसमोर उठली, चालत आली, इथपर्यंत, आणि खाली बसली. गुडघ्यावर. तिनं त्या लहान दांड्यावर बोट ठेवलं, मग पलीकडं हात घालून मोठ्या दांड्यावर ठेवलं, मग परत लहानावर. कचेरीतली बाई ती, दोन आकडे ताडून बघायची सवय. तिला कळलं. तिच्या मानेवरूनच मला कळलं की तिला कळलंय. माझ्याकडं वर बघितलं आणि तोंड उघडलं — बोलणार होती ती काहीतरी. आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, अहो, हा एक दांडा लहान कसा?

मी म्हटलं, चुकीचा पार्ट आलाय. उद्या बदलून आणतो.

किती वेळ लागला असेल म्हणायला? तोंडात तयारच होतं. चव्वेचाळीस वर्षांची तयारी, आपोआप आलं, मशीनवर पाय पडला की चाक फिरतं तसं. तिनं बोट काढून घेतलं. उठली, हात पुसले आणि म्हणाली, हो, बदलून आण. मग सगळ्यांना चहा दिला तिनं, स्वतः, एकेकाच्या हातात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. लोक कपाकडं बघत होते. मला तेव्हा काही वेगळं वाटलं नाही हो. मला वाटलं, निभावलं. मला वाटलं, चला, वाचलो. खोटं कशाला सांगू.

आठवडा गेला. बोलत होतो आम्ही, भाजी काय, दूध आलं का, सगळं. सायकलीचं कुणी काढेना. सातव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, बदलून आणलास का तो पार्ट? तिला माहीत होतं. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. दोघंच होतो, साहेब नाही, कुणी नाही, दार लावलेलं. एवढी दोरी सोडली तिनं माझ्यासाठी. आणि मी म्हटलं, उद्या आणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्या मैत्रिणीकडं, दोन गल्ल्या सोडून, तिच्याकडं एक खोली रिकामी आहे. भांडण नाही, आदळआपट नाही. वर गेलो तर पलंगावर अकरा पँटी, घडी घालून, इस्त्री करून. सगळ्या माझ्या हातच्या. नेली नाही एकही. काय घालून गेली असेल असं मनात आलं, एवढंच आलं. तुम्हाला वाटत असेल हा माणूस रडला असेल. नाही. मी त्या अकरा पँटी मोजल्या, कपाटात ठेवल्या आणि खाली येऊन एका गिऱ्हाइकाचं काज केलं. राग नाही मला तिचा. वाईटही वाटत नाही. काहीच वाटत नाही, जेवतो, शिवतो, झोप लागते. लोकांना वाटतं मी सावरलो.

मग तीन-चार महिन्यांनी दिसली. मी तिकडं काज-बटणाचं सामान घ्यायला गेलो होतो, आणि ती पलीकडच्या फुटपाथवरून चालली होती, पिशवी घेऊन, भर दुपारी. तयार पँट घातली होती. दुकानातली, दोन्ही पाय सारखे. डावी मोहरी बाहेरून दोनदा दुमडलेली, खाली तो जाड तळ सगळ्यांना दिसतोय, आणि ती चालतेय, वर-खाली, वर-खाली, मान ताठ. मैत्रीण बरोबर होती, दोघी हसत होत्या. मी खांबाआड झालो. मी कशाला आड झालो ते सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात एकच आलं — ती दुमड किती वाईट घातलीय, आतून टाका घातला असता तर दिसली नसती. बहीण तीन महिन्यांनी दिसते आणि माणूस मोहरी बघतो.

हे? हे काय शिवत होतो म्हणता? पँट. तिचीच. बारावी. वर्षाला दोन शिवायचो, हिवाळ्याची एक आणि उन्हाळ्याची एक, तर कापड कापून ठेवलेलंच होतं. सवय आहे. कपाटात जाईल. असो. तर सायकल ही अशी आहे, एकदाही चाललेली नाही, आणि तुम्हाला हवीच असेल तर पार्टवाला दोन्ही दांडे सारखे लावून देईल, मग ती कुणालाही — या ना, जवळून बघा. उठा.

थांबा. दारापर्यंत जाऊन परत या बरं. काही नाही, शिंप्याची खोड, या तर. — हं.

कोणता पाय तुमचा? कमी आहे तो, डावा की उजवा?

उजवा. बरं. लहानपणापासून? अपघातात. किती? दोनला थोडा कमी, हो, तेवढाच वाटतो. बुटात काही घालत नाही तुम्ही? आवडत नाही. बरं, बरं. — तुम्ही रागावला नाहीत. नाही, मी विचारलं म्हणून म्हणतो. रोज कुणीतरी विचारतं? आणि तुम्ही सांगता? असंच, आत्ता सांगितलंत तसं? असं असतं होय ते. कोणता पाय. दोन शब्द आहेत. मी सगळी मापं घेतली तिची, खांदा, कंबर, मनगटसुद्धा, आणि हे दोन शब्द — थांबा, बसतो जरा. काही नाही, उभं राहून राहून पाय वळतात.

म्हणजे तुम्ही मुद्दाम आलात? कागदावर लिहिलंय? मी तर लिहिलं नव्हतं, मी लिहिलं होतं, नवी, न वापरलेली. पेनानं खाली? एक बाजू लहान. पार्टवाल्यानं घातलं असणार. म्हटलं ना, दुधखुळा नाही तो.

पण ही तुम्हाला व्हायची नाही हो. ही डावीकडं लहान आहे, तुम्हाला उजवीकडं लागणार. आणि उलटवता येत नाही, पँट असती तर आतली बाजू बाहेर करून दिली असती. उजव्याला ते दातेरी चक्र असतं, साखळीचं, आणि डाव्याचे आटे उलटे. डावं ते डावंच. उगाच तुमची खेप झाली. घोडं तिथंच पेंड खातंय, दुसरं काही —

तो खण उघडा. तुमच्या उजव्या हाताशी, बटणांचा. उघडा, उघडा, डबे वर काढा, तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलंय ते. सोडा. काय आहे? मोठ्या जोडीतला डावा आणि लहान जोडीतला उजवा, चक्रासकट. धरा बरं दोन हातांत. बघा. आठ महिने मी तो खण उघडतोय आणि खडखड ऐकतोय, मला वाटायचं टाकून द्यायला हवेत, कुणाच्या उपयोगाचे आहेत. घेऊन जा. पैसे नकोत, काढू नका ते. पार्टवाल्याकडं जा, म्हणावं टेपवाल्यांनी पाठवलंय. सांगाडा आधी निवडा, घाई करू नका, एक रविवार एकच वस्तू. चक्र लहान आहे, साखळी थोडी तोडावी लागेल, पण चढाला हलकी जाईल. आणि तार ओवताना हवेच्या नळीचं भोक बघा. पहिल्या तारेलाच बघा.

ही? ही द्यायची नाही. तो कागद काढून टाकायला सांगा त्याला. — नाही, मी जायचो नाही तिच्याकडं. दोन गल्ल्याच आहेत, माहीत आहे मला. काय सांगू जाऊन? की पार्ट चुकीचा नव्हता? ते तिला पहिल्या मिनिटाला कळलंय. तिला नाही सांगायचं होतं ते. लोकांना सांगायचं होतं, तिच्यासमोर. ते सात जण होते. आज तुम्हाला सांगितलं, तुम्ही एक झालात. तुम्ही काही कचेरीतले नाही, पण एक झालात.

आणि हे बघा, तुमच्या उजव्या पायाची मोहरी मागून झिजलीय, जमिनीला घासतेय. काढून द्या, पाच मिनिटांचं काम आहे, आतून टाका घालतो, कमरेत थोडं उचलतो, कुणाला कळणारसुद्धा नाही की —

नको?

बरं. नको तर नको. या आता तुम्ही. मला ही शिवण उसवायची आहे.